शिल्लक ठेवून उडा: लष्करी वैमानिकाची पहिली काही वर्षं

छातीवर विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) लागल्या की शिकाऊपण संपलं असं वाटू लागतं. प्रत्यक्षात प्रशिक्षकाचा आधार सुटलेला असतो आणि काम मात्र आणखी अवघड झालेलं असतं. कमी उंची, जास्त जी (शरीरावर येणारा, गुरुत्वाच्या पटीत मोजलेला भार), रात्र, खराब हवा, मोजकं इंधन: लष्करी उड्डाणात मोहीमच तुम्हाला मर्यादेच्या काठाशी नेते आणि तिथे जायचं की नाही हे तुम्ही ठरवत नाही. तिथे पोचताना गाठीशी किती शिल्लक आहे, हे मात्र बरंचसं तुमच्या हातात असतं. इंधनाची शिल्लक सगळेच मोजतात. उंचीची, झोपेची, लक्षाची, पैशांची आणि घरच्यांच्या धीराचीही मोजावी लागते.

खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या विमानाचं मॅन्युअल आणि तुमच्या दलाचे आदेश वेगळं सांगत असतील, तर तेच पाळायचे.

खुर्चीतली सॉर्टी

उद्याची सॉर्टी (नेमून दिलेलं उड्डाण) आज संध्याकाळी खुर्चीत बसून एकदा पूर्ण उडवा. समोरच्या भिंतीवर कॉकपिटचं छायाचित्र, मांडीवर नीपॅड (मांडीला बांधायची टिपणवही), शेजारी स्टॉपवॉच. डोळे मिटा आणि इंजिन चालू करण्यापासून सुरुवात करा. प्रत्येक स्विचकडे हात खरोखर न्या, नजर ज्या घड्याळाकडे, म्हणजे मापकाकडे, जायला हवी त्याचं नाव घ्या, प्रत्येक रेडिओ कॉल खणखणीत आवाजात बोला.

इथे तीन चुका होतात. पहिली वेळेची: चार मिनिटांचं सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मनात एका मिनिटात उरकतं, त्यामुळे कामं एकमेकांवर कुठे आदळतात ते कळतच नाही. स्टॉपवॉच त्यासाठीच हवं. दुसरी चूक म्हणजे रेडिओ मनातल्या मनात म्हणणं. नेमका बोलताना हात थांबतो, आणि तो थांबतोय हे मोठ्याने बोलल्याशिवाय लक्षात येत नाही. तिसरी, सगळं सुरळीत होणारी सॉर्टी उडवणं. सोबत्याला बसवा आणि त्याला तीन ठिकाणी बिघाड टाकायला सांगा: टेकऑफच्या धावेत, कामाच्या ऐन मध्यात आणि उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात. जिथे अडखळाल तिथे नीपॅडवर खूण करा आणि फक्त तेवढा भाग पुन्हा उडवा. अर्धा तास पुरतो. त्यानंतर पुस्तक मिटून झोपा. रात्री बारापर्यंत वाचून मिळवलेलं सकाळच्या पेंगेत जातं.

आणीबाणीच्या तातडीच्या कृती शब्दन् शब्द तोंडपाठ हव्यात, यात तडजोड नाही. पण पाठांतराचा वेग हातात उतरू देऊ नका. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक प्रवासी विमान कोसळलं आणि ४७ जण गेले. बिघाड डाव्या इंजिनात होता, बंद केलं गेलं उजवं. ते वैमानिक अनुभवी होते. म्हणून क्रम पक्का बसवा: आधी विमान ताब्यात घ्या, म्हणजे पंख सरळ, वेग आणि उंची सुरक्षित. मग लिव्हरवर हात ठेवून तिचं नाव मोठ्याने घ्या, दुसऱ्या एखाद्या घड्याळावरून पडताळा, शेजारी किंवा मागे कुणी असेल तर त्याच्याकडून होकार घ्या, आणि त्यानंतरच ती हलवा. यात चार-पाच सेकंद जातात. टेकऑफचा क्षण सोडला, तर तेवढे सेकंद बहुतेक वेळा मिळतात.

जी खेचताना शरीरात काय होतं

हृदय ते डोळे हे अंतर सुमारे ३० सेंटिमीटर. दर एका जीमागे डोळ्यांच्या पातळीवरचा रक्तदाब साधारण २२ मिलिमीटर पाऱ्याने उतरतो. त्यामुळे सैल बसलेल्या माणसाची नजर ४ ते ५ जीच्या आसपास करडी होते, मग बोगद्यातून पाहिल्यासारखं दिसतं, मग अंधार. जी-सूट (पाय-पोट आवळणारा पोशाख) साधारण एक ते दीड जीची भर घालतो. उरलेलं सगळं तुमच्या स्नायूंनी आणि श्वासाने करायचं असतं.

मेंदूकडे ४ ते ६ सेकंद पुरेल इतकाच प्राणवायू साठलेला असतो. जी हळूहळू चढला तर नजर करडी होऊन इशारा मिळतो. झटक्यात ७ जी खेचला, तर त्या साठ्यावर डोळे काही क्षण नीट चालतात आणि मग एकदम शुद्ध जाते, मधला इशारा गायब. शुद्ध हरपल्यापासून हात पुन्हा कामाला लागेपर्यंत २० ते ३० सेकंद जाऊ शकतात, आणि तेवढा वेळ विमान कुणाच्याही ताब्यात नसतं.

म्हणून ताण देण्याची सुरुवात स्टिक (विमान चालवायचा दांडा) खेचायच्या आधी करायची. पोटऱ्या, मांड्या आणि नितंब आवळा. टाचा जणू फरशीत रोवताय असा जोर लावा, पण रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) दाबला जाऊ देऊ नका. पोट घट्ट करा. छाती भरून श्वास घ्या, घसा बंद करा आणि त्या बंद घशावर हवा दाबून धरा. आता खेचा. दर तीन सेकंदांनी श्वास बदलायचा: थोडी हवा फटकन बाहेर, लगेच आत, पुन्हा बंद. ही अदलाबदल एका सेकंदाच्या आत झाली पाहिजे, कारण तेवढ्या वेळात छातीतला दाब पडलेला असतो. पाय मात्र या सगळ्यात एकदाही सैल पडता कामा नयेत.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. श्वास पूर्ण सोडला जातो. जी चढलेला असताना रेडिओवर लांब वाक्य बोललं जातं. दहा-बारा सेकंदांनी पाय नकळत ढिले होतात, कारण लक्ष समोरच्या विमानावर असतं. आणि एक प्रकार नवख्यांना माहीत नसतो: आधी स्टिक पुढे ढकलून शरीर हलकं केलं आणि लगेच खेचलं, तर सहनशक्ती नेहमीपेक्षा कमी भरते. एक जीपेक्षा कमी भार असताना रक्तवाहिन्या सैलावतात, हृदय मंदावतं आणि पुढच्या भाराला ते वेळेवर सावरत नाही. ढकलून खेचायचं असेल तेव्हा ताण दुप्पट काळजीने द्या. मान वळवून मागे पाहायचं असेल तर डोकं आधी वळवून सीटला टेकवा, मग जी चढवा. भाराखाली मान फिरवल्यामुळे जडलेली दुखणी वर्षानुवर्षं सुटत नाहीत.

पाणी कमी, पोट रिकामं, झोप अपुरी किंवा आठ-दहा दिवसांची सुट्टी, यांपैकी कुठल्याही एकाने सहनशक्ती घसरते. व्यायामात पाय, पाठ, पोट आणि मान यांना वजनाचा सराव हवा. धावणं प्रमाणात चालेल, पण नुसत्या धावण्याने जी पेलत नाही.

कान खोटं सांगतो

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसत नसलेल्या परिस्थितीची चाचणी दिली गेली. वीसही जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटंही नाहीत. तुम्हाला प्रशिक्षण आहे, पण कान तोच आहे. कानातल्या नळ्यांना सावकाश होणारं वळण कळत नाही. सेकंदाला दोन अंशांपेक्षा संथ गिरकी त्यांच्या लेखी घडतच नाही. मग तुम्ही पंख सरळ केलेत की तुम्हालाच वाटतं, आपण उलट्या बाजूला कललोय.

सगळ्यात घातक क्षण अगदी साधा असतो. ढगात वळण चालू आहे, पेन्सिल खाली पडली, ती उचलायला डोकं वाकवलं. किंवा बाजूच्या पॅनेलवर फ्रीक्वेन्सी बदलायला मान फिरवली. वळण चालू असताना डोकं हललं की कानातला द्रव दोन दिशांनी ढवळतो आणि विमान कोलांटी घेतंय असं वाटतं. पेन्सिल दोरीने बांधा, दुसरी खिशात ठेवा, फ्रीक्वेन्सी वळणाच्या आधी किंवा नंतर बदला. तरी गरगरलंच, तर डोकं स्थिर, नजर कृत्रिम क्षितिजावर, पंख सरळ, विमान समपातळीत, आणि लीडरला किंवा सहवैमानिकाला तोंडाने सांगा. लाजून गप्प राहण्यात वेळ जातो.

प्राणवायू कमी पडल्याची लक्षणं प्रत्येकाची वेगळी. कुणाची नखं निळी पडतात, कुणाला उगाच आनंद वाटतो, कुणाला बेरीज जमत नाही. दाबकक्षातल्या प्रशिक्षणात तुमची जी दिसली ती लिहून ठेवा. २५,००० फुटांवर शहाणपणाने वागण्यासाठी ३ ते ५ मिनिटं मिळतात, ३५,००० फुटांवर अर्धा ते एक मिनिट. कॉकपिटचा दाब अचानक गेला तर त्याच्या निम्मीच धरा. शंका आली की शंभर टक्के प्राणवायू, श्वास संथ आणि १०,००० फुटांखाली. कारण नंतर शोधा.

जमिनीजवळ

४५० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ७६० फूट. २५० फुटांवर असताना नाक फक्त दोन अंश खाली गेलं, तर जमीन नऊ सेकंदांवर असते. पाच अंश गेलं तर चार सेकंदांपेक्षाही कमी. नकाशा दुमडायला चार सेकंद लागतात. म्हणून नियम असा: कमी उंचीवर बाहेर पाहण्याखेरीज कोणतंही काम करायचं असेल, तर आधी नाक किंचित वर घ्या, मग काम, मग पुन्हा खाली. वळणात तर आत पाहूच नका.

परवानगीशिवाय खाली उडणं, ओळखीच्यांच्या घरावरून चक्कर मारणं, जमिनीवरून कुणी बघतंय म्हणून जास्त खेचणं, हे सगळं नवख्या काळात कमी होतं आणि थोडा हात बसल्यावर वाढतं. तो हात बसलेला काळच सांभाळायचा आहे. भीती कमी झालेली असते आणि अनुभव अजून पुरेसा आलेला नसतो.

इजेक्शनचा निर्णय जमिनीवरच घ्या

वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी सीट कितीही चांगली असली तरी ती उशिराची भरपाई करत नाही. शून्य उंची, शून्य वेगाला चालणारी सीट हे फक्त समपातळीतल्या विमानाबद्दलचं वचन आहे. विमान मिनिटाला ६,००० फुटांनी खाली येत असेल तर दर सेकंदाला १०० फूट जातात. दोन सेकंद विचार केलात की २०० फूट गेले, त्यात कल असेल तर सीट तुम्हाला आडवं फेकते.

उशीर होतो तो बहुधा विमान वाचवायच्या धडपडीत, नाहीतर आपलीच चूक झाली या शरमेने. म्हणून ब्रीफिंगच्या, म्हणजे उड्डाणाआधीच्या बैठकीच्या वेळी, रोज, स्वतःशी बोला: ‘विमान ताब्यात नसेल आणि या उंचीखाली आलो, तर बाहेर.’ आकडा मॅन्युअलमधून घ्या, नीपॅडच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. हार्नेस बांधताना आधी कमरेचा पट्टा, मग खांद्यांचे. कमरेचा सैल राहिला तर इजेक्शनच्या धक्क्यात शरीर आधी घसरतं आणि मणका मोडतो. हँडल ओढताना डोकं मागे टेकलेलं, पाठ सरळ, कोपरं अंगाला. सीटच्या सुरक्षा-पिना दर वेळी मोजा, त्या मोजताना कुणाशी बोलू नका.

झोप, दारू, गोळ्या

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यांइतकी घसरलेली आढळली. पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. रात्रपाळीत वीस मिनिटांची डुलकी घ्या, किंवा दीड तासाची. मधल्या वेळेला उठलात तर डोकं जड राहतं. उठल्यावर अर्धा तास कॉकपिटपासून लांब. कॉफीतलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात असतं, तेव्हा संध्याकाळची कॉफी रात्रीच्या झोपेतून वजा होते.

दारू रक्तातून ताशी साधारण ०.०१५ टक्क्याने उतरते. कॉफी, गार पाणी, धावणं, कशानेही हा वेग वाढत नाही. मध्यरात्री ०.१२ असेल तर सकाळी सहाच्या ब्रीफिंगला अजून ०.०३ उरलेली असते आणि शून्य व्हायला आठ वाजतात. शून्य झाल्यावरही कानातल्या तोलाच्या यंत्रणेवरचा परिणाम बरेच तास राहतो. दारू आणि उड्डाण यांमध्ये आदेशाने ठरवलेले तास ही किमान मर्यादा आहे. दुसऱ्या दिवशी उड्डाण असेल तर एकही पेला नको, असा साधा नियम पाळायला सोपा जातो.

सर्दीची दुकानातून आणलेली गोळी गुंगी आणते, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी ती घेतली जाते, कारण डॉक्टरकडे गेलं तर उड्डाण थांबेल. हीच भीती सगळ्यात जास्त नुकसान करते. नाक चोंदलेलं असताना चढताना काही जाणवत नाही. उतरताना कानात दाब अडकतो आणि पडदा फाटू शकतो. सर्दी आठवडाभरात जाते, फाटलेला पडदा महिनाभर बसवून ठेवतो. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर किमान २४ तास उडू नका. मनाचंही असंच. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, सॉर्टीच्या आधी पोटात गोळा येत असेल, तर फ्लाइट सर्जनना (वैमानिकांच्या डॉक्टरांना) सांगा. लवकर सांगितलेल्या गोष्टीवर उपाय करून पुन्हा उडता येतं. लपवलेली गोष्ट हवेत उघड होते.

डीब्रीफ आणि स्नॅग

डीब्रीफ म्हणजे उड्डाणानंतरची चर्चा. उतरल्यावर दहा मिनिटांच्या आत, चहाच्याही आधी, तुमच्या लक्षात राहिलेलं लिहा. चर्चा सुरू झाली की दुसऱ्यांच्या आठवणी तुमच्यात मिसळतात. मग दोनच किंवा तीनच मुद्दे निवडा. पंधरा चुकांची यादी कुणालाच सुधारत नाही. प्रत्येक चुकीला विचारा: दिसलं नाही, दिसूनही चुकीचं ठरवलं, की बरोबर ठरवून हाताने चुकलं? ‘वेग पडला’ एवढ्यावर थांबू नका. वेग पडला, कारण वेगाकडे बघितलं नाही. बघितलं नाही, कारण त्या वेळी रेडिओवर होतो. रेडिओवर होतो, कारण कॉल आधी द्यायला विसरलो. आता काय सुधारायचं ते सापडलं, आणि ते वेग नव्हतं. ज्येष्ठाची चूक दिसली तर तीही याच कोरड्या भाषेत मांडा, आणि स्वतःची सगळ्यात आधी.

स्नॅग, म्हणजे विमानात आढळलेला बिघाड, लिहिणं ही स्वतंत्र कला आहे. ‘इंजिन थरथरतं’ असं लिहिलंत तर तंत्रज्ञ जमिनीवर इंजिन चालवून पाहतील, थरथर मिळणार नाही आणि विमान तसंच परत उडेल. असं लिहा: कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला, किती आरपीएमवर, किती जीला, किती सेकंद टिकली, थ्रॉटल मागे घेतल्यावर थांबली का, पुन्हा करून पाहिल्यावर आली का. तंत्रज्ञाकडे स्वतः चालत जा आणि प्रश्न विचारू द्या. मर्यादेपेक्षा जास्त जी गेला असेल तर तो न चुकता नोंदवा, कमीपणा वाटला तरी. त्या विमानात उद्या दुसरं कुणी बसणार आहे.

लॉगबुक, पैसे, घर

लॉगबुक रोज भरा आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक पानाचं छायाचित्र काढून दोन ठिकाणी ठेवा, अर्थात तुमच्या दलाचे गोपनीयतेचे नियम पाळून. दिवस-रात्र, उपकरणांवरचा वेळ, कमांडर म्हणून वेळ, सिम्युलेटर, सगळं वेगवेगळं. अनेक दलांत वेळ चाक जमीन सोडल्यापासून मोजतात, नागरी नियमात विमान जागेवरून हलल्यापासून. पंधरा वर्षांनी नागरी परवान्यासाठी बसाल तेव्हा हा फरक लागतो. एअरलाइन कॅप्टनच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय किमान १,५०० तासांची आहे आणि लढाऊ वैमानिकाच्या छोट्या सॉर्टींनी ती सावकाश भरते. प्रशिक्षक व्हायचं की चाचणी वैमानिक, हे लवकर ठरवलंत तर बरं. चाचणी वैमानिकाच्या शाळेत गणित आणि वायुगतिकी रोज लागतात, तो अभ्यास सुटू देऊ नका.

घरखर्च मूळ पगारात बसवा. उड्डाण भत्ता एका वैद्यकीय तपासणीत थांबू शकतो, त्यावर कर्जाचा हप्ता उभा करू नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. विमा घेताना वगळलेल्या गोष्टींचं कलम शब्दन् शब्द वाचा: अनेक पॉलिसींमध्ये लष्करी उड्डाण आणि युद्ध वगळलेलं असतं. वारसाची नोंद, मृत्युपत्र, खात्यांची यादी एका पाकिटात, आणि ते पाकीट कुठे आहे हे जोडीदाराला माहीत हवं. अपघात झाल्यास कोण कळवायला येईल, फोनवर आलेल्या अफवांचं काय करायचं, हेही एका निवांत संध्याकाळी बोलून घ्या. भांडण मिटलेलं नसताना सकाळी उडायचं असेल, तर सॉर्टी देणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढं सांगा: ‘आज डोकं ठिकाणावर नाही.’ कारण सांगायची गरज नाही.

ग्राउंड झालात तर

मूतखडा, पाठ, कान, रक्तदाब, कशानेही काही महिने उड्डाण थांबवून बसावं लागतं, आणि ते जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं. त्या काळात स्क्वाड्रनमध्ये रोज जा. ब्रीफिंगला बसा, सिम्युलेटर मागून घ्या, सॉर्टीचं नियोजन करून द्या. घरी बसलात की हातच्या सवयीपेक्षा आत्मविश्वास लवकर जातो.

परत आल्यावर पहिली सॉर्टी प्रशिक्षकासोबत, दिवसा, स्वच्छ हवेत. पहिल्या दिवशी ४ जीच्या वर जाऊ नका, पुढच्या दोन-तीन सॉर्टींत हळूहळू चढवा. सर्किट सहा-सात मारा, त्यातलं एक मुद्दाम अर्धवट सोडून पुन्हा वर या. आदल्या संध्याकाळी खुर्चीतली सॉर्टी दोनदा उडवा आणि या वेळी सोबत्याला बिघाड तीनऐवजी पाच ठिकाणी टाकायला सांगा.